शेजारच्या टीव्हीवरची पांढरी दांडी

बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा आम्ही खापरखेड्याच्या कॉलनीत राहत होतो. रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा, नाहीतर हात कायमचा जाईल. हात गेला की पॉवर हाऊसची नोकरी गेली, आणि नोकरी गेली की क्वार्टर गेलं. आम्ही बाबांच्या हातात चेंडू दिला, कणकेचा गोळा दिला. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

मग धरमपेठेतला मामा कोणाकडून तरी दुबईचा टीव्ही गेम घेऊन आला, एका रविवारपुरता. हातातला नॉब फिरवला की पडद्यावर पांढरी दांडी वरखाली व्हायची आणि चेंडू टोलवायची. ‘‘जिंदगीभर नॉबच फिरवले भाऊजींनी. हा फिरवल्याशिवाय राहतील काय?’’ मामा म्हणाला. बुडत्याला काडीचा आधार. आईने बाबांना उशीला टेकवून बसवलं.

कॉलनीत दोन क्वार्टरांना मिळून एक अँटेना असायचा. आमच्या खिडकीत जोड देऊन त्याच्या दोन चपट्या वायरी केल्या होत्या, एक आमची, एक शेजारच्या काकूंची. मामाने तो जोड सोडला आणि गेमची वायर त्यातल्या एकीला पिळून दिली. बाबांच्या उजव्या मुठीत नॉब ठेवला, टीव्ही लावला. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

‘‘तुमचा टीव्हीच भंगार हाय,’’ मामा म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं!

‘‘सकाळी नेशीन तू ते. लाव ना गा लवकर!’’ आईचा आवाज चिरकला. मामा टीव्हीचं बटण फिरवत होता, मी पाठीमागे थापा मारत होते. मला त्या मुंग्यांची चीड आली, मामाची आली, आणि खोटं कशाला बोलू, बाबांचीही आली.

तेवढ्यात काकू तणतणत आत आल्या. ‘‘काय करून राहिले वं तुम्ही? पिक्चर सुरू व्हायची वेळ झाली, अन् आमच्या टीव्हीवर पांढरी दांडी खालीवर होऊन राहिली!’’

आम्ही सगळे टीव्हीकडे बघत होतो. बाबांच्या हाताकडे कोणीच पाहिलं नव्हतं. नॉबवर त्यांचा अंगठा सरकत होता, मुंगीच्या पावलाने, पण सरकत होता.

गेम काकूंच्या वायरीला जोडला गेला होता. मामा वायर बदलायला धावला. ‘‘हात नको लावू गा त्याले!’’ काकू ओरडल्या आणि पिक्चर विसरून घरी पळाल्या. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येऊ लागला, ‘‘वर गेली वं! खाली आली! पुन्हा वर गेली!’’ प्रत्येक हाकेला आई पदराने डोळे पुसत होती.

मग आवाज थांबला. बाबांच्या कपाळावर घाम आला होता आणि अंगठा नॉबवर नुसताच पडून होता.

आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. भिंतीला हात टेकून ती म्हणाली, ‘‘सांगा ना वं बाई, वर गेली म्हणून.’’

पलीकडे काकूंचा आवाज भिंतीजवळ आला.

‘‘वर गेली वं,’’ त्या म्हणाल्या.