उशाशी लावलेला माइक

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की हमखास टिंगल करणारी मी. दिवसभर सर्किटं तपासणाऱ्या बाईचा असल्या गोष्टींवर कसा विश्वास बसणार? तरीही हे लिहितेय...

२००६च्या आसपासची गोष्ट. मी सोलापूरची. नोकरी चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. राहायला एग्मोरला, तंजावरी मराठी राव मामांकडे पेइंग गेस्ट. मामा-मामी मला तिकडच्या तमिळ धाटणीत लाडाने 'मा' म्हणायचे. मामांना कमी ऐकू यायचं. मामी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या, आवाज अगदी क्षीण. त्या हाका मारून दमायच्या आणि मामा हॉलमध्ये निवांत पेपर वाचत असायचे. म्हणून मी मायक्रोकंट्रोलर आणून खटपट केली — मामींच्या उशाशी माइक, हॉलमध्ये दहा एलईडींची पट्टी. मामी पुटपुटल्या तर हिरवे दिवे, कोणी ओरडलं तर पार लालपर्यंत. मामा जाम खूश!

एका रविवारी दुपारी करंट गेला. पंखे बंद, घर चिडीचूप. पट्टी तेवढी बॅटरीवर. आणि दिवे चढायला लागले... थेट लाल. मला मात्र काहीच ऐकू आलं नाही.

मामा लगबगीने आत गेले, मागोमाग मी. मामींनी चादर घट्ट धरली होती. नजर उशाजवळच्या रिकाम्या स्टुलावर.

"मी नाही बोलाविले," त्या कशाबशा म्हणाल्या. "हा केव्हाचा ओरडतो आहे... तुज ऐकू येत नाही, मा?"

सर्रकन काटा आला अंगावर. पण खुमखुमी जाते थोडीच! माइकच बिघडलाय म्हणत मी तो उपटला आणि मामांना घेऊन हॉलमध्ये आले.

पट्टी पुन्हा लाल.

मी मुठीतला माइक दाखवत मामांच्या कानाशी ओरडले, "मामा, जाऊ नका! मामी बोलावत नाहीयेत!"

त्यांनी माइककडे पाहिलं, मग लाल पट्टीकडे. "कोणी का असेना," ते म्हणाले. "ती तेथे एकटी आहे ना, मा."

मी दारातच थिजले. मामा आत गेले, मामींचा हात हातात घेतला आणि त्या स्टुलावर बसले.

हॉलमधली पट्टी विझली.

मामी होत्या तोवर मामांची कॉफी, पेपर, सगळं त्याच स्टुलावर. सुटी वायर आसपासची वीज पकडते म्हणावं, तर करंटच नव्हता... सर्किट मी कितीदा तरी तपासलं, दोष सापडला नाही. त्या स्टुलावर बसायची हिंमत मात्र मला एकदाही झाली नाही.