हवामानशास्त्रज्ञाची खोडाखोड

बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या सुचेताला एकच काळजी कुरतडत होती: युट्रेख्टला पीएचडी करणारी आपली लेक शलाका एका मेलेल्या माणसाच्या पत्रांपायी जेवणखाण विसरली आहे. तो माणूस म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातला सरकारी हवामानशास्त्रज्ञ. मंत्र्यांना लिहिलेल्या त्याच्या पत्रांचे कच्चे मसुदे टाइप करायला शलाकाने वेबसाइटवर स्वयंसेवक मागवले, तेव्हा लेकीचा भार हलका करायला सुचेताने ‘ट्यूलिप’ या नावाने गुपचूप नोंदणी केली. बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, ते कधीतरी उपयोगी पडायलाच हवं होतं. सूचना वाचायचं मात्र तिने, बी.ए.च्या पुस्तकांसारखंच, राहू दिलं.

शास्त्रज्ञाने लिहून खोडलेलं सगळं तिने गाळलं. चारचौघांत खोडाखोड दाखवतं का कुणी?

आज शलाकाचा फोन आला. “आई, ट्यूलिप नावाचा एक महामूर्ख खोडलेली वाक्यंच गाळतोय! मंत्र्याला काय सुनावायचं होतं आणि नोकरीपायी काय गिळलं, तोच तर माझा थीसिस आहे. सोमवारी चॅप्टर द्यायचाय!”

“अगं, बिचारा म्हातारा असेल.”

“मग बागेत ट्यूलिप लावत बसावं त्याने.”

“जेवलीस का?”

“आई!” फोन बंद.

सोमवारपर्यंत ते सगळं पुन्हा टाइप करणं एकट्या शलाकाला जमणार नव्हतं. ट्यूलिपची मदत झाली असती, पण त्यासाठी ट्यूलिपने आधी तोंड उघडायला हवं होतं. सुचेताने ‘महामूर्ख’ ही पदवीही निमूट स्वीकारली आणि लेकीचा नंबर लावला.