टॅपेटचा आवाज

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही जुनी डिझेल पिकअप घेतली. वरोरहून मासळी डहाणूला पोचवायची आणि आठवड्याच्या बाजाराला सुकी मासळी घेऊन तलासरीला जायचं, हा नवऱ्याचा धंदा. बाजाराला मीही बरोबर जायची. एरवी मी घरी शिवणकाम करायची. गावातले निम्मे ब्लाउज माझ्या हातचे होते. मशीन बिघडली की मीच खोलायची, कारण दुरुस्तीवाला डहाणूहून कधी येईल याचा नेम नसायचा.

ती ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. थंडीचे दिवस होते, मासळी भरपूर होती. तलासरीच्या चढावर मला इंजिनातून टिक-टिक ऐकू आली.

"अहो, काहीतरी वाजतंय."

"टपावरची टोपली हलत असेल," नवरा म्हणाला.

टोपली काढून मांडीवर घेतली, तरी टिक-टिक चालूच. ॲक्सिलेटर दाबला की आवाज भराभर येई, सोडला की सावकाश.

तलासरीत हायवेला एका वयस्कर मिस्त्रींचं गॅरेज होतं. उंबरगावकडचे, गुजराती-मराठी मिसळून बोलणारे. त्यांनी बॉनेट उघडून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "बेअरिंग गेला वाटते. इंजिन खाली उतरवावा लागेल."

नवऱ्याचा चेहरा उतरला. ऐन मोसमात गाडी उभी राहिली, तर मासळी देणारी माणसं दुसरी गाडी धरणार. मग मीच बोलले.

"मिस्त्री, आवाज वरून येतोय. आणि तो इंजिनापेक्षा संथ आहे. बेअरिंग एवढं संथ वाजेल का?"

नवऱ्याने मला डोळ्यांनी दटावलं. मिस्त्री मात्र रागावले नाहीत. "बेन, तुम्हाला कसं समजलं संथ आहे ते?"

"दिवसभर मशीनवर बसते. सुई एक टाका चुकली तरी कानाला कळतं."

ते हसले. एक लांब पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला. मग मलाही ऐकायला दिलं. खाली नुसती घरघर होती, वर मात्र हातोडीचे बारीक ठोके पडत होते. नंतर त्यांनी एकेका सिलिंडरच्या डिझेलच्या नळीचा नट सैल करून पाहिला. "बेअरिंग असता तर सिलिंडर बंद केल्यावर आवाज दबला असता. हा तसाच आहे. बेन बरोबर बोलतात, टॅपेट आहे."

वरचं झाकण काढलं, तर एक व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधली फट भलतीच वाढलेली. स्क्रू आवळून त्यांनी ती जमवली. आवाज गेला. परतीच्या वाटेवर नवरा शीळ घालत होता.

पुढच्या बाजारापर्यंत टिक-टिक परत आली. मिस्त्री पुन्हा स्क्रूला हात घालणार, तेवढ्यात मी म्हटलं, "आवळलेलं परत सैल होतंय, म्हणजे आतला तुकडाच झिजलाय. माझ्या मशीनचं असंच झालं होतं."

त्यांनी पेचकस खाली ठेवला. "चला, बघूनच टाकू."

आधी वरून पुशरॉड, म्हणजे टॅपेटवर उभा असणारा लांब दांडा काढला, तो सरळ होता. मग इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडून त्याखालचा टॅपेट काढला. अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा. त्याचा तळ सपाट हवा, पण बोट फिरवलं तर वाटीसारखा खड्डा लागला. तेलाच्या वाटेत काळा गाळ साचला होता, म्हणून तो कोरडाच घासत राहिला होता. सुदैवाने त्याला ढकलणारा कॅमशाफ्ट शाबूत होता. नवरा एसटीने वापीला जाऊन टॅपेटचा नवा संच घेऊन आला. तोवर मिस्त्रींनी आणि मी तेलाची वाट तारेने मोकळी करून डिझेलने धुऊन काढली. माझी साडी काळी झाली. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

सगळं बसवल्यावर मिस्त्रींनी फट मोजायच्या फिलर गेजची पातळ पट्टी माझ्या हातात दिली. "फट तुम्ही लावा. तुमचा हात हलका आहे."

पट्टी फटीत सरकवली आणि स्क्रू हळूहळू फिरवत गेले. पट्टी ओढताना किंचित अडली पाहिजे, पण अडकता कामा नये. शिवताना धाग्याचा ताण बघतात, अगदी तसंच. शेवटचा नट आवळला आणि पट्टी पुसून मिस्त्रींना परत दिली.

नवऱ्याने स्टार्टर मारला. इंजिन एकसुरात चालू लागलं. तो खाली उतरून बॉनेटजवळ आला आणि कान लावून ऐकू लागला. बाजूच्या ट्रकवाल्याने विचारलं, "कोणी केलं काम?"

"आमच्या हिने," तो म्हणाला. माझ्यासमोर त्याने असं पहिल्यांदाच म्हटलं होतं.

त्यानंतर गाडी होती तोवर तिच्या टॅपेटची फट मीच लावली. पुढे पार किनाऱ्यावरच्या झाई गावापासूनचे टेम्पोवाले दारात गाडी उभी करून हाक मारायचे, "वहिनी, जरा ऐकता का?" मी हातातलं शिवण बाजूला ठेवून बाहेर जायची. सगळ्याच वेळी मला दोष सापडला असं नाही. पण माझं ऐकून होईपर्यंत कोणी इंजिन बंद केलं नाही.