घरच्या गाडीची फिल्म

लातूरला औसा रोडवर सोमेशचं रेडियमचं दुकान होतं. नंबरप्लेट, रिक्षांच्या पाठीवरची नावं, क्लासच्या बसवर पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे चेहरे, सगळं त्याच्या हातचं. गावात क्लास वाढत गेले तसं त्याचं काम वाढत गेलं. मग डॉक्टरांनी, क्लासवाल्या सरांनी मोठाल्या गाड्या घेतल्या, तेव्हा सोमेश हैदराबादला जाऊन नवी विद्या शिकून आला: गाडीच्या रंगावर पारदर्शक फिल्म चढवायची. ती बसली की खडा उडाला, बाभळीची फांदी घासली, तरी रंगाला ओरखडा येत नाही. सोमेशनं लावलेली फिल्म दिसायचीच नाही. गिऱ्हाईक गाडीभोवती चक्कर मारून विचारायचं, "लावायची राहिली का?" सोमेश गालातल्या गालात हसायचा.

हात चालू असले की त्याला बरं वाटायचं. भूकंप झाला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. किल्लारीच्या बाजूला त्यांचं गाव. घर बसलं, शेजाऱ्यांनी त्याला ओढून काढलं आणि एका उलट्या पडलेल्या बैलगाडीच्या साट्यावर नेऊन ठेवलं. "इथंच बस, हलू नको," म्हणाले. समोर माणसं दगड उपसत होती आणि तो बसून होता. आई दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. पुढं लातूरच्या मामानं त्याला वाढवलं. पण तेव्हापासून कुणी "तू नुसतं बस" म्हणालं की सोमेश उठायचाच.

बेचाळिसाव्या वर्षी, दसऱ्याला, त्यानं स्वतःची गाडी घेतली. गडद निळी. दुसऱ्यांच्या शंभर गाड्या झाकल्या, आता घरची, असं म्हणून फिल्मचा अख्खा रोल मागवला. रोल आला तेव्हा तो दवाखान्यात होता. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी नंबरप्लेटवर शेवटचा आकडा दाबताना त्याचा उजवा हात आपोआप खाली आला, आणि तो स्टुलावरून कलंडला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

सगळी गेली नाही. होकाराचा एक शब्द उरला. "हाव."

समजायचं सगळं. पण पाणी पाहिजे असलं तरी हाव, नको असलं तरी हाव. मानसुद्धा उलटसुलट हलायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं, धीर धरा. त्याची बायको मंजुश्री क्लासच्या तीस पोरींचे डबे करायची. पहाटे उठून ती डबे करायची, मग त्याला न्हाऊ घालायची, कपाळाला विभूती लावायची आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली खुर्चीत बसवायची. समोर गाडी. भिंतीला टेकवलेला रोल. सोमेश दिवसभर दोन्हींकडं आळीपाळीनं बघायचा.

ते बघणं मंजुश्रीला सोसेना. पौषातल्या एका सकाळी डबे रवाना करून ती पदर खोचूनच बाहेर आली.

"अहो, आज आपण गाडीला फिल्म लावू. मोबाईलवर मी धा डाव बघितलंय. अमृतरावकाका दुसरं टोक धरतो म्हणालेत. लावू ना?"

सोमेशला म्हणायचं होतं, नको गं, हे पोळी लाटण्यासारखं नाही. तोंडातून आलं, "हाव."

मंजुश्रीचा चेहरा असा फुलला, की तीन महिन्यांत त्यानं तो तसा पाहिला नव्हता.

तिनं आधी जमिनीवर पाणी शिंपडलं, धूळ बसावी म्हणून. सोमेश चकित झाला. दुकानात तो हे करायचा, तिनं कधी लक्ष दिलं होतं कुणास ठाऊक. मग गाडी धुतली, पुसली, बाटलीत शाम्पूचं पाणी भरलं. शेजारचे अमृतराव तहसीलमधून निवृत्त झालेले, ते बाह्या सरसावून आले. दोघांनी मिळून रोलमधून एक तुकडा कापला, त्याच्या पाठचा कागद सोडवला, पाणी मारलं, आणि तो मोठा चिकट तुकडा बोनेटवर आडवा घातला.

"आता हिला ताणायचं," अमृतराव म्हणाले. "सोमेश, ताणू ना?"

नाही. आधी मधोमध टेकवायचं, मग सरकवून कडा जुळवायच्या, मग ताण. एवढं साधं वाक्य त्याच्या डोक्यात पाटीवर लिहिल्यासारखं स्पष्ट होतं.

"हाव," तो म्हणाला.

अमृतरावांनी ताणलं. फिल्म डावीकडं गेली, उजवीकडं सुरकुती उभी राहिली. मंजुश्री रबराची पट्टी घेऊन मधून बाहेर पाणी लोटायला लागली. तिचा हात चांगला होता, हे सोमेशला कबूल करावं लागलं. दाब सारखा, घाई नाही. पण सुरकुती जागची हलेना आणि खाली कुठलासा केस अडकलेला त्याला खुर्चीतून दिसत होता. त्यानं डावं बोट उचलून दाखवलं. दोघांची पाठ त्याच्याकडं होती.

तासाभरानं बोनेट झाकलं गेलं, वाकडंतिकडं का होईना. कडेला चार बोटं फिल्म लोंबत होती. मंजुश्रीनं कपाळाचा घाम पुसला आणि सोमेशच्या पेटीतलं कटर उचललं. पातं पुढं सरकवल्याचा कटकट आवाज झाला.

रंगावर पातं टेकवायचं नाही, ही या धंद्यातली पहिली शपथ. जास्तीची फिल्म कडेवरून आत दुमडायची, कापायचीच तर गाडीपासून उचलून धरून. हैदराबादच्या उस्तादानं पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं.

"हाव!" तो ओरडला. "हाव, हाव, हाव!"

"बघा, किती खूष झालाय," अमृतराव म्हणाले. "काप म्हणून राहिला. कापा ताई."

मंजुश्रीनं वळून नवऱ्याकडं बघितलं, हसली, आणि वाकून बोनेटच्या कडेनं पातं ओढलं. एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सोमेशनं डाव्या हातानं खुर्चीचा दांडा रेटला. त्याला उठायचं होतं. डावा पाय उभा राहिला, उजवा राहिला नाही, आणि तो खुर्चीसकट ओल्या जमिनीवर आडवा झाला.

दोघं धावले. त्याला उचलून बसवलं, कुठं लागलं का बघितलं. कोपर खरचटलं होतं. त्याची नजर मात्र बोनेटवरच होती. मंजुश्रीनं त्या नजरेमागं जाऊन कापलेली पट्टी सोलली. तिच्याखाली निळ्या रंगात एक लांब पांढरी रेघ उमटली होती. रंग पार अस्तरापर्यंत चिरला होता.

तिनं हातातली पट्टी खाली टाकली. मग त्याच्या पुढ्यात ओल्या जमिनीवर बसली.

"तुम्ही नको म्हणून राहिले होते का?"

"हाव," सोमेश म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

अमृतराव चपला शोधत शोधत घरी गेले. मंजुश्रीनं एकटीनं सगळी फिल्म ओढून काढली, चुरगळून पोत्यात भरली. रात्री त्याला भरवताना म्हणाली, "माझंच चुकलं. तीन महिने तुमच्या हावला मी माझ्या मनासारखं ऐकत आले." मग तिनं त्याचा डावा हात उचलून त्याच्याच मांडीवर आपटला. "नको असलं की असं करायचं. जमतंय का बघा."

कधी जमायचं, कधी नाही. आमटी नको असताना हात निपचित पडून राहायचा, आणि पाहिजे असलेलं ताक तोच हात लोटून द्यायचा. तरी मंजुश्री आता प्रत्येक हावनंतर जराशी थांबायची, त्याच्या हाताकडं बघायची.

महिन्याभरानं एक क्लासवाले सर आले. सोमेशचं जुनं गिऱ्हाईक. तब्येतीची चौकशी केली, चहा घेतला, आणि जाता जाता गाडीजवळ थबकले.

"अरेरे! हे कोणी केलं?"

"मी," मंजुश्री म्हणाली.

"ह्यांना विचारायचं तरी."

"विचारलं होतं, सर."

मग सर भिंतीकडं बघून म्हणाले, "रोल बराच शिल्लक आहे की. नुसता पडून खराब होईल. माझ्या नव्या गाडीला दुसऱ्याकडून लावून घेतो, जी किंमत असेल ती देतो."

मंजुश्रीला ते पटलं. तिनं सोमेशकडं बघितलं. "द्यायचा का हो?"

"हाव," सोमेश म्हणाला.

सरांनी रोलला हात घातला. मंजुश्री मात्र थांबली होती. सोमेशनं सगळा जीव डाव्या हातात गोळा केला. हात मांडीवरून वीतभर उचलला आणि खुर्चीच्या दांड्यावर दाणकन आपटला.

"नको म्हणतात," मंजुश्री म्हणाली.

सर ओशाळले, हात काढून घेतला, येतो म्हणाले. मंजुश्रीनं रोल उचलून घरात नेला आणि कपाटामागं उभा केला. ठेवून त्याचं काय करायचं, ते सोमेशलाही ठाऊक नव्हतं. ती परत आली तेव्हा तो तसाच बसून होता, दांड्यावर दुखावलेला तळवा उताणा टाकून. तिनं तो थोडा चोळला आणि संध्याकाळच्या डब्यांची कणीक मळायला आत गेली.