रोमच्या बादशहाचा हसनाबादेतला मुक्काम

रोमला जाऊन आलेल्यांची वर्णने मी वाचली आहेत. विमान, हॉटेल, कारंजी, पडक्या कमानी असा त्यांचा क्रम असतो. माझा क्रम वेगळा झाला. जालन्याच्या एस.टी. स्टँडवर मी हसनाबादच्या गाडीत बसलो, तेव्हा रोमकडे जायचा माझा काही विचार नव्हता. पिशवीत एक जोड कपडे आणि थोरल्या बहिणीसाठी पाव किलो चहापत्ती होती. मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो, त्यामुळे चहापत्ती पाव किलो भरते की नाही हे निघण्यापूर्वी पाहून घेतले होते. थोडी कमी होती.

आक्काच्या धाकट्या मुलाचे, प्रल्हादचे, लग्न ठरले होते. तिच्या सासरी लग्न निघाले की आधी देव उजळतात. देव्हाऱ्यातले टाक (देवाचे चित्र उठवलेले चांदीचे लहान पत्रे) सोनाराकडे नेऊन साफ करतात आणि एखादा फारच झिजला असेल तर मोडून त्याच चांदीचा नवा घडवतात. या कामाला बाईबरोबर माहेरचा माणूस लागतो. तो मी.

राजूरच्या अलीकडे गाडीचे चाक बसले. सगळे उतरून बाभळीखाली उभे राहिलो.

"पाव्हणं, कुठं?" शेजारच्या म्हाताऱ्याने विचारले.

"हसनाबाद. भाच्याचं लग्न आहे."

"आज?"

"नाही, पुढच्या महिन्यात."

"मंग पोचताल बराबर," तो म्हणाला.

आक्काने पिठले, ज्वारीची भाकरी आणि ठेचा केला होता. जेवण झाल्यावर तिने देव माझ्यापुढे मांडले. भवानी ठीक होती. खंडोबाचा टाक मात्र गोल, जाडसर आणि गुळगुळीत झाला होता. दोन माणसे उभी असावीत, मध्ये ढाली आणि भाले असावेत, एवढेच कळत होते. खंडोबा आणि म्हाळसा, असे घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले होते. मागची बाजू हळद, गंध आणि तेलाच्या थराखाली गेली होती. ती कोणी पाहिलेली नव्हती.

"हाच मोडावा लागन," आक्का म्हणाली. "तोंडं राह्यली न्हाईत."

"आणि दुसरा टाक?" मी विचारले.

ती भांडी आवरू लागली. तिचा थोरला मुलगा नामदेव सहा वर्षांपूर्वी काविळीने गेला, बिनलग्नाचा. अवेळी गेलेल्या पोराचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात, त्याला वीर म्हणतात. धाकट्याच्या लग्नाआधी थोरल्याला बसवले पाहिजे, असे सगळी भावकी म्हणत होती. आक्का सहा वर्षे ते टाळत होती.

"त्याला चांदीत बसवला म्हंजे तो गेला, असं मीच म्हन्ल्यासारखं व्हतंय," एवढेच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी आम्ही भोकरदनला गेलो. गाव केळना नदीवर आहे. आजूबाजूला कापूस, बाजारात मिरच्या आणि भांडी. आक्काचा नेहमीचा सोनार गल्लीच्या तोंडाशी बसतो. माणूस बोलका. त्याने टाक तराजूत टाकला. चार मासे भरायला जरा कमी. कसोटीवर घासला, चांदी चांगली निघाली. मग मोडण्यापूर्वी मळ काढावा म्हणून रिठ्याच्या पाण्यात ठेवला आणि चहा मागवला.

चहा संपल्यावर त्याने ब्रशने पाठ घासली. मग टाक डोळ्यांजवळ नेला. मग आमच्याकडे पाहिले.

"मावशी, याच्या मागं एक माणूस हाय."

"कोन?"

"ओळखीचा न्हाई."

मी पाहिले. पुढची बाजू झिजून गेली होती, पण पाठ थराखाली जशीच्या तशी राहिली होती. एका माणसाचे तोंड, नाक सरळ, डोक्याला पानांची माळ, कडेने परकी अक्षरे.

"हा खंडोबा न्हाई," सोनार म्हणाला. "मिशी न्हाई याला. बिनमिशीचा खंडोबा मी कधी पाह्यला न्हाई. हे नाणं हाय."

त्याने मूस (धातू वितळवायचे भांडे) विस्तवावरून उतरवून ठेवली. आक्काने पदर तोंडाला लावला. तिच्या मनात काय आले ते मला लगेच कळले नाही. तिने ते स्वतःच सांगितले, अगदी हळू.

"म्हंजे घरात देव नव्हताच, भाऊ. मी कुनाला दिवा लावून राह्यले एवढी वर्षं? म्हनूनच माझा नामा गेला."

काट्यावर न बसणाऱ्या गोष्टींत मी कच्चा आहे.

सोनाराने दुकानाला कुलूप लावले. गावाच्या कडेला पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) त्या वर्षी खोदकाम चालू होते. तिथले एक सर जुनी नाणी ओळखतात, असे त्याने ऐकले होते. आम्ही तिघे तिकडे चालत गेलो.

रोम मी असा पाहिला: चौकोनी खड्डे, त्यांत उतरायला मातीच्या पायऱ्या, कडेला टोपल्यांत मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि एक मडक्याचा मोडका कान. सरांनी सांगितले की हा कान रोमहून आलेल्या दारूच्या रांजणाचा असावा. पैठणकडून उज्जैनकडे जाणारी वाट इथून होती. इथला माल भडोचला जाई, तिथून जहाजाने रोमला. तिकडच्या बायकांना आपले तलम कापड फार आवडे, आणि आपली चांदी हिंदुस्थानात वाहून चालली म्हणून तिकडचे मोठे लोक कुरकुरत. म्हणजे त्या काळी पैशाचे येणे भोकरदनच्या बाजूला जास्त होते. आता गावात फिरताना ते जाणवत नाही.

सरांनी टाक भिंगाखाली धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"हा रोमचा पहिला बादशहा," ते म्हणाले. "विटांचं गाव याने संगमरवराचं केलं अशी त्याची ख्याती होती."

आक्काने त्यांना जे विचारले ते मी विचारले नसते. तिने घर पाहायला आल्यासारखी चौकशी सुरू केली.

"काय खायचे ते लोक?"

"गव्हाची भाकरी, तेल, डाळी. आणि माशांची आंबवलेली चटणी."

"ऊन पानी असायचं का आंघुळीला?"

"सार्वजनिक न्हाणीघरं होती. सगळं गाव तिथे जायचं."

"एवढं सरपन आनायचं कोन?"

"गुलाम."

"शेतात?"

"तिथेही बरेचसे गुलामच. शहरातल्या गरिबांना सरकार धान्य फुकट द्यायचं."

"मंग बुडालं असन ते राज," आक्का म्हणाली.

सर म्हणाले, बुडाले, पण पुष्कळ नंतर, आणि कारणे पुष्कळ सांगतात. बाहेरच्या टोळ्या आल्या, फौजेचा खर्च झेपेना, आणि मागून आलेल्या बादशहांनी तर चांदीच्या नाण्यात तांबे मिसळत नेले.

"किती?" सोनाराने विचारले.

"शेवटी शेवटी वरून नुसता चांदीचा मुलामा."

सोनार पहिल्यांदाच गंभीर झाला. "मंग बाकीची कारनं कशाला पाह्यजेत," तो म्हणाला.

आक्काचे लक्ष मात्र झिजलेल्या बाजूवर होते. "हे दोघं कोन?"

"त्याचे नातू. यांनाच त्याने दत्तक घेतलं होतं, पुढे गादीवर बसवायला."

"बसले का?"

"नाही. दोघेही तरुणपणीच वारले. एकाचं लग्न नुसतं ठरलं होतं."

"आन् म्हातारा?"

"तो मागे राहिला. बरीच वर्षं जगला. मेल्यावर लोकांनी त्याला देव ठरवलं, देवळं बांधली."

आक्काने टाक हातात मागून घेतला. आधी नातू पाहिले, मग उलटून आजा पाहिला. खड्ड्यात टिकाव चालत होते. तिने परत नातू पाहिले.

"एवढा मोठा बादशहा," ती म्हणाली, "त्यालाबी न्हाई राखता आले."

मग पदराने डोळे पुसून तिने टाक सोनाराच्या हातात दिला. "मी वीरालाच दिवा लावून राह्यले व्हते तर. एक सोडून दोन."

सर म्हणाले की ही वस्तू सरकारी संग्रहालयात असायला हवी. आक्का म्हणाली की लग्न होऊन जाऊ द्या, मंग बोलू. सरांनी कागद ठेवून शिसपेन्सिलीने दोन्ही बाजू उतरवून घेतल्या आणि तिला नमस्कार केला. त्यांनी तो टाकाला केला असण्याचीही शक्यता आहे.

दुकानात परतल्यावर आक्काने हातातली चांदीची पाटली काढून सोनारापुढे ठेवली. "यातून दोन कर. एक खंडोबा, मिशीवाला. आन् एक वीर."

"वीर घोड्यावर करू का उभा?" सोनाराने विचारले.

"उभा. हातात भाला. या पोरांवानी."

आठवड्याने टाक घेऊन आम्ही हसनाबादला आलो. खंडोबाला मिशी भरपूर होती, सोनाराने हात आखडता घेतलेला नव्हता. आक्काने नामदेवचा टाक तळहातावर घेतला आणि त्याचे नाव मोठ्याने घेतले. सहा वर्षांत तिच्या तोंडून ते असे मी ऐकले नव्हते. मग त्याला नातवांच्या शेजारी बसवले.

"बादशहाचं तोंड वर ठेवायचं का आता?" मी विचारले.

"नगं. पोरं वर राहू दे. म्हाताऱ्याला पालथं पडायची सवय हाय. आन् पोरं त्याच्या पाठीवर हायत तर हायत, उतरवायची कशाला?"

परतीची गाडी वेळेवर निघाली आणि वेळेवर पोचली, त्यामुळे लिहिण्यासारखे काही झाले नाही. लग्न मात्र चांगले झाले. संग्रहालयाचे बोलणे अजून व्हायचे आहे.

रोमला जाऊन आलेले लिहितात की त्या बादशहाच्या देवळांचे आता खांब तेवढे उरले आहेत आणि पूजा कधीच बंद पडली. त्यांची माहिती अपुरी आहे. हसनाबादेत ती रोज होते. नैवेद्याला भाकरी असते. माशांच्या चटणीचे मी आक्काला एकदा सुचवून पाहिले. ती म्हणाली, पोरगा काविळीचा हाय, त्याला तसलं चालायचं न्हाई.