देवीच्या तोंडून मी बोलले

सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि परत मिटलं, असं कितीदा झालं असेल — नवऱ्यापुढं, माहेरी आईपुढं, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईपुढं. तिला सांगणं सगळ्यात सोपं होतं, ती पुढच्या थांब्यावर उतरून गेली असती. तिलाही सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगते. का तुम्हालाच — ते मलाही नीट ठाऊक नाही.

आमचं घर कळंबजवळ. ऊस, चार जनावरं, सासू, तिचे दोन मुलगे आणि आम्ही दोघी जावा. थोरली मी. धाकटी वैशाली, कोऱ्हाळे बुद्रुकची, बारावी शिकलेली, चालता-बोलता हसणारी. आणि मी देवीचं झाड. म्हणजे माझ्या अंगात येतं. मंगळवारी आरतीला हलगी वाजली की माझे केस सुटतात, मी घुमते, आणि लोक पाया पडून कौल विचारतात. अजून विचारतात.

पहिल्यांदा आलं ते खरं होतं का? होतं, असं मला वाटतं. माझा दोनदा गर्भ राहिला आणि दोनदा पडला. मला कुणी बारामतीला नेलं नाही, कुणी डॉक्टरचं नाव काढलं नाही. बाईच्या जातीला असं व्हायचंच, म्हणाले. त्यानंतरच्या एका आरतीत काय झालं मला कळलं नाही. शुद्धीवर आले तेव्हा सासूचं डोकं माझ्या पायावर होतं. मला उठताबसता वांझोटी म्हणणाऱ्या बाईचं डोकं! पुढं मग येण्याची वाट कोण बघतंय? मीच आणत गेले. त्या घरात माझं ऐकलं जायचं ते फक्त मंगळवारी.

पण हे मी माझी बाजू मांडतेय. राहू द्या.

वैशालीला मुलगी झाली आणि ती बदलली. झोपेना. भिंतीशी बोलायला लागली. आपल्या दुधात कुणीतरी काहीतरी कालवलंय म्हणून लेकराला जवळ घेईना. माझा दीर, तिचा नवरा, शहाणा निघाला. तिला बारामतीला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या आणि — हे नीट ऐका — तिला गुण येत होता. हळूहळू, पण येत होता. चुलीपुढं बसायला लागली, केस विंचरायला लागली. तोवर लेकरू माझ्याकडं होतं. माझ्या कुशीत झोपायचं, माझं बोट मुठीत धरून दूध प्यायचं. वैशाली सुधारत गेली तशी ती लेकरू परत मागायला लागली. परत कसलं — तिचंच होतं.

त्याच दिवसांत दिराच्या मित्रानं एका सिनेमाची सीडी आणली. दुपारची जेवणं उरकून सगळे टीव्हीपुढं बसलो. वैशाली आत गोळी घेऊन झोपली होती. सिनेमात नव्या सुनेला भूत लागतं, शहरातला चष्मेवाला डॉक्टर म्हणतो हा मनाचा आजार आहे, त्याच्या औषधानं ती आणखीच बिघडते, आणि शेवटी एक साधू येऊन भस्म फुंकतो. सून चांगली होते, डॉक्टर साधूपुढं हात जोडतो. निव्वळ पोरखेळ होता. सुनेच्या तोंडातून हिरवा धूर निघाला तेव्हा मला हसू फुटलं. पण शेजारी सासू बसली होती. ती टीव्हीकडं बघतच नव्हती. ती आतल्या खोलीच्या दाराकडं बघत होती.

ते मी पाहिलं. आणि माझं हसू थांबलं. मग मी सिनेमा नीट बघितला, शाळेत कधी लक्ष दिलं नाही तसा. ‘औषधानं ते झोपतं, जात नाही,’ असं साधू एका ठिकाणी म्हणतो. ते वाक्य मी मनात धरून ठेवलं.

कित्येक वर्षं मी त्या सिनेमावाल्यांना शिव्या घातल्या. असले सिनेमे काढतात, घरं बुडवतात, म्हणाले. सोपं असतं ते. त्यांना काय ठाऊक, कळंबात एक बाई काय शोधत बसली होती?

पुढच्या मंगळवारी सासूनं वैशालीला माझ्यापुढं आणून बसवलं. दीर नको म्हणत होता, पण आईपुढं त्याचं चालेना. माझ्या कपाळावर मळवट भरला, हलगी सुरू झाली, मी केस सोडले. अंगात काहीही नव्हतं. त्या दिवशी मी जितकी शुद्धीवर होते तितकी आयुष्यात कधी नव्हते. सासूनं पदर पसरून विचारलं, आई, पोरीला डाक्टरचं चालू ठेवावं का?

मी घुमत घुमत म्हणाले, "औषधानं ते झोपतंय, जात न्हाय. गोळ्या बंद करा. हिला माहेरी धाडा. लेकरावर हिची सावली पडू द्यू नका."

पहिलं वाक्य सिनेमातलं होतं. शेवटचं माझं होतं.

वैशालीनं मान वर केली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी हळू, समजावल्यासारखं म्हणाली, "आक्का, देवी न्हाय आली. तुमीच बोलताय."

एवढ्या माणसांत ओळखलं ते तिनं एकटीनं. का नाही ओळखणार? गोळ्यांनी तिचं डोकं ताळ्यावर येत होतं. पण सिनेमातलं भूतही साधूला खोटा म्हणतं ना! सासूनं कपाळ बडवून घेतलं. "बघा, देवीलाच खोटं पाडायला निघालंय ते," म्हणाली. आणि दीर, जो तोवर डॉक्टरच्या बाजूनं होता, तो बायकोपासून मागं सरकला. डोळे मिटल्याचं सोंग करून मी ते सगळं बघत होते. बोलू शकले असते. पाणी मागितलं असतं, हसले असते, तरी सोंग मोडलं असतं. मी आणखी जोरात घुमले.

गोळ्या उकिरड्यावर गेल्या. वैशाली पुन्हा बिघडली, पहिल्यापेक्षा जास्त. तिचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला तेव्हा ती स्वतःचं नाव सांगत नव्हती. दिरानं दुसरं लग्न केलं, पुण्याला गेला. लेकरू माझ्याकडं राहिलं. ऋतुजा. ती मला आई म्हणते.

मला हेवा वाटत होता, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. तिला बारामतीला नेलं, मला नाही, म्हणून. हेवा होताच. पण हेव्याला मी पुढं केलं होतं. मला तिची मुलगी पाहिजे होती. बस.

वैशाली आता बरी आहे. भावानं परत औषध सुरू केलं. कोऱ्हाळ्यात ब्लाउज शिवते, गिऱ्हाइकांशी हसून बोलते म्हणतात. बरी झाल्यावर एकदा ती आमच्या दारात आली होती. सासूनं उंबऱ्यावर लिंबू कापून टाकलं आणि दार लावून घेतलं. ऋतुजा माझ्या मांडीवर होती. बाहेरचं बोलणं तिला ऐकू येऊ नये म्हणून मी तिचे कान झाकले. पुढं आयाबाया ऋतुजाला तिच्या खऱ्या आईच्या अंगातल्या भुताची गोष्ट सांगायच्या. मी तसलं काही कधी सांगितलं नाही. फक्त त्यांना थांबवलं नाही. वडगाव निंबाळकरला एका लग्नात ऋतुजाला लांबून वैशाली दिसली, तर पोर मांडवातून पळून गाडीत जाऊन बसली, काच वर करून. आपल्याला जन्म दिलेल्या बाईला एवढी भ्याली.

यंदा ऋतुजा बारावी झाली. वैशालीच्या भावाचा फोन आला, तिला एकदा लेकीला बघायचंय, पाठवाल का. ऋतुजा माझ्यापाशी आली. "आई, जाऊ का? तिच्यात अजून ते असंल का?"

केवढं सोपं होतं. नव्हतंच कधी काही, एवढंच म्हणायचं होतं. त्या वेळी ना हलगी होती, ना मळवट, ना कुणी पाया पडत होतं. मीच होते आणि ती होती.

"तुझं तू ठरव, बाळा," मी म्हणाले. नवरा म्हणाला, तुझं मन लई मोठं हाय.

ती गेली नाही. संध्याकाळी मी तिच्या आवडीची शेंगोळी केली. तिनं परत परत मागून खाल्ली, आणि मला बरं वाटलं. खरंच, फार बरं वाटलं.