बालवर्गाचं दार

चौथीच्या वर्गावर मी बरीच वर्षं होतो. मग परळच्या आमच्या मराठी शाळेतली मुलं कमी होत गेली, चौथीच्या दोन तुकड्यांची एक झाली आणि ती माझ्याकडे राहिली नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बोलावून सांगितलं, "सर, बालवर्ग घ्या. दुसरं काही माझ्या हातात नाही." मी घेतला. तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो.

पहिल्याच दिवशी एका मुलीनं मला हाक मारली, "बाई, शू." शाळेत शिकवणारं माणूस म्हणजे बाई, एवढंच त्या मुलांना ठाऊक होतं. "सर म्हणा," असं मी सांगून पाहिलं. "हो बाई," असं सगळी एका सुरात म्हणाली. ही गोष्ट स्टाफरूममध्ये पोचली आणि माझे जुने सहकारी विचारू लागले, "काय बाई, आज कुठलं गाणं?" चेष्टाच होती ती, पण मला लागायची.

आमची खोली तळमजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. वरच्या वर्गांकडे जाणारा प्रत्येक जण आमच्या दारावरून जायचा. बालवर्गात शिकवायचं म्हणजे गाण्यावर हात हलवायचे, पावसाचा आवाज काढायचा, बेडूक म्हटलं की उकिडवं बसून उडी मारायची. तीन-चार वर्षांच्या मुलांना बेडूक फळ्यावर काढून कळत नाही, तो उडी मारून दाखवावा लागतो. मी एकदा उडी मारत असताना गणिताचे सर दारात थांबले आणि हसले. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना झाली की मी दाराला आतून कडी घालू लागलो. मोठ्या बाईंना सांगितलं की मुलं बाहेर पळतात. एक जण खरंच फाटकापर्यंत गेला होता, त्यामुळे ते खोटं नव्हतं. कारण मात्र ते नव्हतं. शेजारच्या छोट्या शिशूच्या बाई उंबऱ्यात एक बाक आडवा टाकायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. मला तो गबाळेपणा वाटायचा.

त्या वर्षी लालबागच्या एका चाळीतला मुलगा आला. तो रडायचा. जूनमध्ये सगळीच रडतात, पण इतरांचं आठवड्यात ओसरलं, याचं ओसरेना. आईनं हात सोडला तेव्हा हा गप्प असायचा, प्रार्थनेलाही हात जोडायचा आणि मग एकदम सुरू व्हायचा. उलटी होईपर्यंत रडायचा. मी मोज्याचा बोलका ससा केला. साबणाचे फुगे उडवले. घरून राजमा, चवळी आणि वाटाणे नेऊन वाट्यांत वेगळे करायला दिले. ते त्यानं हुंदके देत देत सगळ्यांआधी केले, एकही दाणा चुकला नाही. पाट्या वाटायचं काम त्याला दिलं, म्हणजे आपण महत्त्वाचे आहोत असं वाटेल. पाट्या वाटून झाल्यावर तो दाराशी जाऊन पुन्हा रडू लागला. मधल्या सुट्टीत मैदानात मात्र इतरांसारखाच धावायचा. "मोकळ्या जागेत रमतो," असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं, आणि त्यापुढे विचार केला नाही.

फारच झालं की मी त्याच्या आईला फोन करायचो. ती दादरला एका साड्यांच्या दुकानात नुकतीच लागली होती. नवरा दिवसभर पार्सलं पोचवायच्या कामावर. आजोबा होते तोवर मुलगा त्यांच्याजवळ असायचा. ते मे महिन्यात गेले. आता दुपारी शेजारची म्हातारी सांभाळत होती, पण सकाळी तिला जमत नव्हतं. म्हणजे मुलगा शाळेत बसला तरच आईची नोकरी. ती दुकानातून धावत यायची, खांद्याला अजून मापाची पट्टी लटकलेली.

"सर, घरी तो असा नाय वो. दिवसभर शेजारीपाजारी फिरतो."

"इथे मात्र थांबत नाही."

"शेठ बोलला, रोज रोज अशी गेलीस तर कायमचीच जा."

मी ऐकून घेतलं. नंतर मोठ्या बाईंना म्हणालो की हा मुलगा अजून तयार नाही, पुढच्या वर्षी आणू दे. मला त्या रडण्याचा कंटाळा आला होता. मोठ्या बाईंनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि आईला बोलावून तसं सांगितलं. महिनाअखेरपर्यंत येऊ दे, मग पुढच्या वर्षी आणा, असं त्या म्हणाल्या. आई म्हणाली, "बरं."

त्यानंतर दोन-चार दिवसांनी आमच्या खोलीतला पंखा दुरुस्तीला काढला. मी मुलांना शाळेच्या सभागृहात नेलं. तिथे दोन्ही बाजू उघड्या आहेत, माणसं येत-जात असतात. तो मुलगा सकाळपासून रडला नव्हता. नवी जागा म्हणून असेल, असं मला वाटलं. मी घर-घर खेळायला सामान काढलं होतं: जुनी साडी, खेळातली भांडी आणि फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा. दोन खुर्च्यांमध्ये साडी बांधून मुलांनी घर केलं. करी रोडच्या नव्या टॉवरमध्ये राहणारी एक मुलगी आई झाली. तिनं सगळ्यांना आत घेतलं, पुठ्ठा ओढून दार लावलं आणि आतून म्हणाली, "बेल वाजवा, टिंग टाँग."

हा मुलगा पाहुणा होता. तो पुठ्ठ्यापाशी थांबला. बेल वाजवली नाही.

"काकी, दार का लावलं? कोण मेलं?"

"कोणी नाय मेलं. एसी लावलाय."

"मेलं कोणीतरी. उघड."

"तू बेल वाजव ना रे!"

"आधी उघड!" तो पुठ्ठा दोन्ही हातांनी ओढू लागला आणि त्याच आवाजात रडायला लागला, जो मी महिनाभर ऐकत होतो.

मी स्वतः करी रोडच्या चाळीत वाढलो. चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही, पडदा असतो. दुपारी झोपायचं असलं तरी दार नुसतं लोटलेलं. भरदिवसा आतून कडी लागली की आम्ही मुलं कानोसा घ्यायचो, कारण आत एक तर भांडण असायचं, नाहीतर प्रेताला अंघोळ घालत असायचे. माझे वडील गेले तेव्हा मीही त्या दाराबाहेर उभा होतो. पुढे मी डोंबिवलीला ब्लॉक घेतला, दाराला लॅच आलं, आणि हे मला आठवेनासं झालं. त्याच्या आईनं एकदा सांगितलं होतं, या मुलाला दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या खोलीत बसवून त्याच्या घराचं दार लावलं होतं. दार उघडलं तेव्हा आजोबांना बाहेर काढत होते. इथे रोज सकाळी प्रार्थना झाली की मी कडी घालत होतो.

दुसऱ्या दिवशी मी उंबऱ्यात बाक टाकला आणि दार सताड उघडं ठेवलं. तो दाराकडे पाहत राहिला. थोड्या वेळानं जागेवर बसला. रडला नाही.

शाळा सुटल्यावर मी त्याच्या चाळीत गेलो. आई घरीच होती. मोठ्या बाईंनी बोलावलं त्याच संध्याकाळी तिनं शेठला नोकरी सोडते म्हणून सांगून टाकलं होतं.

"आयत्या वेळी कशाला अडवायचं त्यांना? गणपतीची गर्दी येणार."

मी तिला दाराचं सगळं सांगितलं. गणिताच्या सरांचं हसणं, मला वाटलेली लाज, तेही सांगितलं. ती चहा ठेवत होती. म्हणाली, "मंग आता येऊ दे ना त्याला?"

"येऊ दे. रोज."

मी तिथूनच दादरला गेलो. शेठ नीट बोलले, खुर्चीही दिली. "सर, मुलगी चांगली होती. पण मला बाई लगेच पाहिजे होती. दुसरी आली, तिला आता काय सांगू?" काउंटरमागे एक नवी बाई साडीची घडी घालत होती. मी निघालो.

ऑगस्टपर्यंत तो मुलगा वर्गात सगळ्यांत जास्त बोलू लागला. दार उघडं असल्यानं बाहेरच्या आवाजाकडे इतरांचं लक्ष जातं, गोष्ट मध्येच तुटते, आणि त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. गणिताचे सर जाता-येता डोकावतात. "काय बाई, बेडूक का?" मी हो म्हणतो. लाज गेली असं नाही. उडी मारतो एवढंच.

आई आता त्याला न्यायला स्वतः येते. मध्ये एकदा सकाळी म्हणाली, "सर, आज तासभर उशिरा नेलं तर चालेल? दादरलाच दुसऱ्या एका दुकानात बोलावलंय. म्हातारी गावाला गेलीय." शाळेचा नियम तसा नाही. मी थांबतो म्हणालो.

वर्ग सुटला, बाकीची मुलं गेली. मी राजमा, चवळी आणि वाटाणे एकत्र करून त्याच्यापुढे ठेवले. तो वेगळे करत बसला आणि मी समोर बसून राहिलो. जिन्यावरून दुपारच्या वर्गाची मुलं चढत होती. मध्येच तो म्हणाला, "बाई, तुम्ही चवळी चुकीच्या वाटीत टाकली." खरंच टाकली होती.

आई आली तेव्हा बाकापाशीच थांबली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बघू म्हणाले."

मुलानं दप्तर घेतलं, बाकावर चढला आणि पलीकडे उडी मारली.